अंगठ्याला अंगठा

वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडून मी छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये उतरवून द्यायचा धंदा काढला आणि नेमकी त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. पुढच्या वर्षीही तेच. बीड बायपासकडे इमारती उठत होत्या, बोअर आटत होते आणि मी लोकांना पाऊस साठवा म्हणत दारोदार फिरत होतो. "आधी पाऊस तर आणा की भाऊ," एकाने दारातच ऐकवलं. त्याचंही काही चुकत नव्हतं.

बायकोने पाडव्यापर्यंत मुदत दिली. तोवर एकही छत मिळालं नाही, तर मुकाट्याने जुन्या साहेबांना फोन करायचा. साहेबांनी माझी जागा अजून भरली नव्हती. त्या रिकाम्या खुर्चीची मला भीती वाटायची.

म्हणून मी मोबाइलवरच्या व्यावसायिकांच्या एका ग्रुपात शिरलो. राज्यभरातली मंडळी त्यात होती. आपली जाहिरात टाकायची आणि दुसऱ्याच्या जाहिरातीला न चुकता अंगठा द्यायचा, हा तिथला रिवाज, लग्नातल्या आहेरासारखा. मी सकाळचा चहा पिता पिता सगळ्यांचे अंगठे उरकून टाकायचो. वाचतो कोण! मलाही भरभरून मिळायचे. कोकणातल्या एकाने तर "अप्रतिम उपक्रम" असं लिहिलं. दिवसभर मी हवेत होतो. मग कळेना, की या कौतुकाचं करायचं काय.

पाडवा तोंडावर आला आणि ग्रुपमधल्या एकाचा फोन आला. जाहिरात वाचली, छत बघून जा म्हणाला. पत्ता विचारला तर आमचीच गल्ली! गेलो. दार उघडलं आणि आम्ही दोघंही बघतच राहिलो. गल्लीत पाण्याचा टँकर आला की माझा पाइप बाजूला सारून स्वतःचा घुसवणारा हाच तो. आजवर आम्ही एकमेकांशी भांडण्यापलीकडे काही बोललो नव्हतो.

"तुम्ही व्हय ते? लई अंगठे दिले तुम्हाला," तो म्हणाला. "वाचलं मात्र कालच. टँकर आला नाय, बसलो होतो रिकामा."

"आणि तुमचा धंदा?"

"पाइप, जोडण्या, गाळण्या. रोज टाकतो की ग्रुपवर. तुमचाबी अंगठा असतोच."

लोकांना नमुना दाखवायला हाच माल मी पुण्याहून मागवत होतो. लाज वाटली. छत बघायला वर गेलो. काम मला मिळालं.

घरी सांगितलं तेव्हा बायकोचा चेहरा खुलला. "ग्रुपवरून मिळालं?"

"हो. म्हणजे, गल्लीतलाच आहे तो."

"मग टँकरवरच बोलला असतात तर केव्हाच मिळालं असतं की!"

"टँकरवर तो ऐकून घेतो कुठं? कालही टँकर आला असता तर त्यानं वाचलं नसतं."

"म्हणजे टँकर आला नाय म्हणून मिळालं?"

खरंच मला सांगता येईना. तिने थट्टा केली नाही, हेच जास्त लागलं.

"हे कुठून आलं तेच तुम्हाला ठाऊक नाय," ती हळूच म्हणाली, "तर दुसरं आणणार कुठून?"

त्या माणसाच्या घराचा जिना उतरताना मी ठरवलं होतं, की साहेबांचा नंबर मोबाइलमधून काढून टाकायचा. तो राहू दिला.