समुद्राची डिग्री

डिग्रीकाकांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळ्या गल्लीला ते डिग्रीकाका. एकतीस वर्षं त्यांनी डेअरीच्या फाटकात उभं राहून दूध तपासलं. कॅन आला की मापभर दूध उंच भांड्यात ओतायचं, त्यात काचेचा लॅक्टोमीटर सोडायचा, तो डुलायचा थांबला की डोळा रेघेला लावायचा आणि मोठ्यानं डिग्रीचा आकडा सांगायचा. अठ्ठावीस आला तर दूध चोख. सव्विसाच्या खाली आला की दुधात पाणी, मग समोरचा कितीही हात जोडो. "अहो साहेब, शपथ घेतो, म्हैसच पाणी जास्त प्यायली," असं एकानं सांगितलं, तर काका म्हणाले, "मग म्हशीला घेऊन ये, तिचा जबाब घेतो."

एकतीस वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघण्याऐवजी काचेच्या नळीकडे बघितलं की माणसाचं काय व्हायचं ते झालं. फाटक सुटलं, सवय सुटली नाही. सोसायटीत टँकर आला की हे खाली हजर. औषधाच्या बाटलीचं झाकण तीनदा तपासणार. शेजारीण वाटीभर साखर परत द्यायला आली, तर वाटी उजेडात धरून बघणार. काकू कपाळाला हात लावायच्या आणि शेजारणीला म्हणायच्या, "लक्ष देऊ नका हो, मला मागणी घालायला आले तेव्हा माझाही वास घेऊन बघितला असेल यांनी."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पोरीच्या लग्नात काकांनी कहर केला. पोरीनं स्वतः मुलगा पसंत केला होता. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान. काकांना तो पहिल्यापासून खटकला. का? तर फार कमी बोलतो. "कमी बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो," हा काकांचा सिद्धांत. लग्नाच्या जेवणाचं दूध मुलाकडच्यांनी मागवलं होतं. काकांनी कोटाच्या खिशातून लॅक्टोमीटर काढला आणि भर मांडवात, व्याह्यांच्या तोंडासमोर, दुधाची डिग्री घेतली. दूध चोख निघालं. उलट तेच वाईट झालं. पोरीनं बापाकडे एकदाच बघितलं, आणि त्या दिवसापासून दोन वर्षं तिनं माहेरचा उंबरा चढला नाही. आईशी फोनवर बोलायची. बाप फोनजवळ आला की म्हणायची, "ठेवते गं आई."

काका वरवर म्हणायचे, "राहू दे, राग आहे, उतरेल." पण फोन वाजला की हातातला पेपर खाली यायचा. पोरगी घरी यावी, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती, आणि ती मागायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं.

अशात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिवसभर खुर्चीत बसून समोर बघायचं काय, तर भिंत. काकूंनी परस्पर जावयाला फोन केला. आणि एका सकाळी जावई दोन फुटी काचेची पेटी छातीशी धरून दारात उभा.

"बाबा, आईंसाठी छोटा समुद्र लावतो," तो म्हणाला.

काकांच्या मनात पाल चुकचुकली. समुद्र? फुकट? आणि हा?

जावयानं टेबल समपातळीत आहे का ते बघितलं, पेटी ठेवली, तळाला पांढरी वाळू घातली, भोकाभोकांचे दगड एकमेकांना टेकवून रचले. बादलीत गाळलेलं पाणी घेऊन त्यात समुद्राचं मीठ विरघळवलं. पंप लावला, दिवा लावला. मग खिशातून काचेची तरंगणारी नळी काढून पाण्यात सोडली, तेव्हा मात्र काका खुर्चीतून उठले.

"हे काय, लॅक्टोमीटर?"

"तसंच समजा. समुद्राचं पाणी पंचवीसवर ठेवायचं."

काकांनी कपाटातून आपला लॅक्टोमीटर आणला, पुसला, सोडला. पंचवीस. बरोब्बर पंचवीस! दोघं पेटीवर वाकून एकाच रेघेकडे बघत होते. काकू म्हणतात, त्या दोन मिनिटांत त्यांना वाटलं, सुटला बाई तिढा.

कसला सुटतोय! जावई म्हणाला, "आता महिनाभर मासे नाहीत. पाणी मुरू दे." झालं. काका रोज त्या रिकाम्या पेटीसमोर बसून म्हणायचे, "महिनाभर नुसते दगड दाखवतोय. नंतर म्हणेल, मासे दिसत नाहीत हा तुमच्या नजरेचा दोष."

महिन्यानं मासे आले. दोनच, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. एक मोठा, एक धाकटा. शिवाय दगडाला चिकटलेलं एक मऊ पोवळं. ते दिवसा फुलायचं आणि त्याची बोटं पाण्यात हलायची. काकू हरखून गेल्या. दुखणं विसरून खुर्ची पुढे ओढून बसायच्या.

जाताना जावयानं काचेवर एक रेघ मारली आणि गाळलेल्या पाण्याचा कॅन स्वयंपाकघरात ठेवला. "बाबा, पाणी रोज थोडं उडतं. या रेघेपर्यंत साधं पाणी घालत जा. मिठाचं नको, साधं."

साधं पाणी घाला! अहो, हे वाक्य ऐकून काकांचे कान असे टवकारले की विचारू नका. एकतीस वर्षं ज्या एका गोष्टीवरून माणसं फाटकातून परत पाठवली, तीच गोष्ट हा पोरगा त्यांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं करायला सांगत होता. दार लागल्यावर ते काकूंना म्हणाले, "बघितलंस? आपल्यालाच भेसळ करायला लावतोय. म्हणजे उद्या मासे मेले की दोष आपला."

काकांनी आपल्या पद्धतीनं केलं. मिठाचं पाणी गेलं तर मिठाचंच पाणी भरायचं, हिशेब चोख. रोज सकाळी पंचवीस डिग्रीचं खारं पाणी बनवायचे आणि रेघेपर्यंत भरायचे. तीन दिवसांनी डिग्री सव्वीस आली. आठवड्यानं अठ्ठावीस. आणि गंमत अशी, की काका खूश! अठ्ठावीस म्हणजे त्यांच्या हिशेबी एक नंबर माल. "तुझ्या जावयानं हलका समुद्र दिला होता," ते काकूंना म्हणाले, "मी सुधारला."

सुधारलेल्या समुद्रात पोवळं मिटलं ते उघडेना. डिग्री तिशीवर गेली. धाकटा मासा कोपऱ्यात जाऊन बसला, दाणा टाकला तरी वळेना. काकूंनी दोनदा विचारलं, "अहो, साधं पाणी घालायला सांगितलं होतं ना?" काकांचं उत्तर तयार, "मिठातच खोट आहे. नाहीतर आकडा आपोआप चढेल कसा?"

मग काकांनी केलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं. नमुना घेतला. रीतसर, खात्यात घ्यायचे तसा. तीन बाटल्या भरल्या, तिन्हींवर लाखेचं सील. एक प्रयोगशाळेला, एक मालकाला, एक आपल्याकडे. प्रयोगशाळेतला जुना सहकारी बाटली बघून म्हणाला, "काका, आम्ही दूध तपासतो. समुद्राला कुणाची गाय म्हणून लिहू?" काका हसले नाहीत. दुसरी बाटली घेऊन ते थेट जावयाच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर ती काउंटरवर ठेवली.

"तुमच्या मालाचा नमुना. पोचल्याची सही करा."

जावयाचा चेहरा उतरला. त्यानं बाटलीकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. "बाबा, पाणी घालताय ना?"

"घालतोय."

"साधं?"

"मला शिकवू नका. सही करा."

त्यानं सही केली.

दुकानातलं दुकानात राहत नाही. संध्याकाळी पोरीचा आईला फोन आला. काका दाराशी उभे राहून ऐकत होते. काकूंचं एकच बोलणं त्यांना कळलं, "अगं, पण रविवारी येणार होतीस ना?" फोन ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "समुद्र बघायला येणार होती. आता येत नाही."

काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. मनानं लगेच दुसरी वाट काढली, 'त्यानंच भरवलं असणार तिला.' संशयाचं हेच बरं असतं, स्वतःपर्यंत कधी येतच नाही.

दोन दिवसांनी धाकटा मासा वर तरंगला. डिग्री बत्तीस. काकूंनी तो चमच्यानं काढला आणि कितीतरी वेळ हातातल्या बशीकडे बघत बसल्या. काकांना रडत्या माणसाजवळ उभं राहता येत नाही, ते पेपर आणायला गेले.

त्यानंतर विचित्रच सुरू झालं. डिग्री उतरायला लागली. बत्तीसची एकतीस. एकतीसची तीस. आणि पाणी मात्र रेघेला जिथल्या तिथं! काका चमकले. पातळी तेवढीच आणि डिग्री कमी, ही तर फाटकावरची सगळ्यात जुनी चलाखी. तांब्याभर माल काढायचा आणि तांब्याभर पाणी ओतायचं. म्हणजे त्यांच्या घरात, त्यांच्या नाकाखाली, कोणीतरी समुद्रात भेसळ करत होतं!

त्यांनी कामवाल्या बाईंची उलटतपासणी केली. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, मला गोड पाण्याची भांडी घासून पुरे झालंय, खाऱ्याला कोण हात लावतंय?" शेजारी विचारलं, तर शेजाऱ्यानं दारच लावून घेतलं. अठ्ठावीस. सत्तावीस. टेबलाखाली फरशी ओली. रोज अकरा ते बाराच्या मध्ये, काका भाजी आणायला जातात तेव्हाच. ठरलं, रंगेहाथ पकडायचं.

त्या दिवशी काका पिशवी घेऊन निघाले, जिना उतरल्याचा आवाज केला, आणि चपला हातात घेऊन परत वर आले. दार लोटलेलंच होतं. त्यांनी फटीला डोळा लावला.

काकू उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या. ऑपरेशन झालेला पाय थरथरत होता. फोन टेबलावर होता आणि त्यातून जावयाचा आवाज येत होता, "सावकाश, आई. आधी एक तांब्या काढा. आता साधं घाला. आज एवढंच. एकदम उतरवलं तर उरलेल्याला सोसणार नाही."

"पकडलं!" काका दार ढकलून आत शिरले.

काकू दचकल्या नाहीत. तांब्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पेटीत ओतलं आणि मग वळल्या. "पकडलंत. आता काय, मलाही बाटलीत भरून सील लावणार?"

"तू? तू पाणी घालतेस?"

"हो, घालते. नऊ दिवस घालतेय. अहो, पाणी उडून जातं, मीठ खालीच राहतं. तुम्ही वर आणखी मीठच ओतत राहिलात. दूध आटवलं की डिग्री चढते की नाही? सांगा ना!"

काकांची नजर काचेवरच्या रेघेवर गेली. चढते. आटलेल्या दुधाची डिग्री चढते, हे फाटकावर नवीन आलेल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं.

"तुम्हाला कळलं नसतं असं नाही," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं. जावई म्हणाला म्हणून कळलं नाही. त्या मुक्या जिवाचा काय गुन्हा होता? आणि पोरीचा?"

फोन अजून चालूच होता. काकांनी तो उचलला. "ऐकताय का?"

"हो, बाबा."

"तुम्ही हे मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं, बाबा. काचेवर रेघ मारली तेव्हाच." मग घाईघाईनं म्हणाला, "मी फोन करतो हे तिला बोलू नका. मासा गेल्याचंही तिला सांगितलेलं नाही. ती तुमच्यावर आणखी चिडेल."

काका खुर्चीत बसले. दोन वर्षं ज्याच्यावर संशय घेतला, तो माणूस खरंच काहीतरी लपवत होता. बायकोपासून सासऱ्याची चूक लपवत होता. काकांना स्वतःची अशी लाज वाटली की काकूंकडे वर मान करून बघवेना.

रविवारी सकाळी ते दुकानात गेले. गर्दी होती. काउंटरच्या मागे पोरगी बसली होती. बापाला बघताच ती उठून आत जायला लागली.

"थांब," काका म्हणाले. मग नमुना देताना लावला होता तोच फाटकावरचा आवाज लावला. सगळ्या गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. "यांच्या मालात खोट नव्हती. मीठ चोख, पाणी चोख. यांनी सांगितलं तसं मी केलं नाही. एक मासा माझ्या हातानं मेला. चूक माझी."

जावई टाक्यांमागे ओल्या हातांनी उभा होता. "बाबा, कशाला..." तो पुटपुटला.

पोरगी मात्र काउंटरला धरून उभी. बापाला ती लहानपणापासून ओळखत होती. हा माणूस चूकही कबूल करेल आणि उद्या परत नळी घेऊन उभा राहील, हे तिला ठाऊक होतं. तिनं कोरड्या आवाजात विचारलं, "आज डिग्री किती आली?"

काकांनी जावयाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"घेतली नाही," ते म्हणाले. "हे म्हणाले, आता पाणी ठीक आहे. म्हणजे ठीक असेल."

पोरगी बराच वेळ बापाचं तोंड निरखत राहिली. मग तिनं खुर्चीवरची पर्स उचलली, काउंटरची फळी वर केली आणि नवऱ्याला म्हणाली, "दुकान सांभाळ. मी जरा घरी जाऊन येते."