ताईंच्या डोक्यातले कॉम्प्युटर

चष्म्याची भिंगं घासून देणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात चार कॉम्प्युटर होते आणि एक ताई होत्या. ताईंशिवाय तिथलं पानही हलत नसे. कुठली वायर कुठे जाते, बॅकअप कुठल्या डिस्कवर असतो, सगळं त्यांच्या डोक्यात. एकोणीस वर्षांत सलग तीन दिवसांची रजा त्यांना मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. आपल्यावाचून कोणाचं अडतंय, हे कोणाला आवडत नाही?

आता मात्र ते अंगाशी आलं. दूरच्या शहरात लेकीला आठवा महिना लागला होता. जावई सतत फिरतीवर, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की तिला एकटं ठेवू नका. ताईंनी दोन महिन्यांची रजा मागितली तेव्हा मालक हादरलाच. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्याने अट घातली: कारखान्यातल्या कोणीतरी ताईंना एक शब्दही न विचारता सगळं सुरू करून दाखवायचं, मग खुशाल जा.

ताई वही घेऊन बसल्या. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत लिहीत राहिल्या. वायरींना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, पासवर्ड वेगळ्या पाकिटात घालून मालकाच्या कपाटात ठेवले. परीक्षेला त्यांनी मुद्दाम भिंगं घासणाऱ्या काकांना निवडलं. काका माउसला हात लावण्याआधी हात धुऊन यायचे, इतका त्यांना त्याचा धाक. कॉम्प्युटर बंद करून ताई बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

दहा मिनिटांत फ्यूज उडून आतली वीज गेली. मालकाने फ्यूज बदलला, काकांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. पुन्हा गेली. ताई रडकुंडीला आल्या. लेक एकटी आहे आणि आपण इथे पायरीवर! मग त्या डोळे मिटून एकेक कृती हवेतच करून बघू लागल्या, तर पहिल्या बटणाआधीच हात भिंतीकडे गेला. चारांतला मोठा कॉम्प्युटर लावण्याआधी त्या भिंगांच्या पॉलिशची मोटर बंद करत. दोन्हींचा भार एकदम झेपत नसे. हाताला इतकी सवय की डोक्याने कधी दखलच घेतली नव्हती.

त्यांनी वही मागवून पहिल्या ओळीच्या वर एक ओळ लिहिली. मालकाने ते चालवून घेतलं. विचारायला बंदी होती, लिहायला नव्हती.

चारही पडदे उजळले. काका वही घेऊन बाहेर आले. "ताई, सातव्या पानावर तुम्ही 'नेहमीप्रमाणे' लिहिलंय. तुमचं नेहमीचं आम्हाला कुठे माहीत आहे?"

ताईंनी तेही नीट लिहिलं आणि सामान बांधलं.

लेकीकडे पहिले काही दिवस त्या फोन हातात घेऊनच वावरल्या. तो वाजलाच नाही, याचं त्यांना जरा वाईटही वाटलं. विसाव्या दिवशी, नात जेमतेम चार तासांची असताना, कारखान्याचा नंबर दिसला. काय बंद पडलं, असंच त्यांनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "परवा एक डिस्क गेली होती, ती वहीत बघून बदलली, तारीख घालून लिहूनही ठेवलं. आज तुमच्यासाठी फोन केलाय. लेक कशी आहे?"

एकोणीस वर्षांत कारखान्यातून हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. ताईंनी फोन रडणाऱ्या नातीजवळ धरला.