एकोणसत्तरचा साप

सापशिडीपायी आमच्या शहरात तीन डोकी फुटली, एक पानठेला जळाला आणि एका माणसाचा उजवा हात कायमचा गेला, असं सांगितलं तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. अडुसष्ट सालची दिवाळी ज्यांनी नागपुरात पाहिली त्यांना विचारा, ते आवाज खाली आणून सांगतील.

हात गेला तो लहानू मेश्रामचा. इतवारीत ताराचंदजींच्या छापखान्यात तो दगडावर उलटं लिहायचा. काटोलच्या संत्र्याच्या पेट्यांवरची लेबलं असोत की अगरबत्तीची पाकिटं, दगडावर सगळं उलटं काढायचं, तेव्हा कुठं ते कागदावर सुलटं उमटायचं. वीस वर्षं हे करून त्याचा हात असा वळला होता की सरळ लिहायचं म्हटलं की तो अडखळायचा. "या माणसाले चिठ्ठी लिहाले सांगतली तं आरशात पाहून वाचा लागते," असं त्याची बायको सुभद्रा सगळ्यांना सांगायची.

दुसरा नाद खेळांचा. मुंबईहून नवा खेळ बाजारात आला की आधी तो लहानूच्या ओसरीवर मांडला जायचा. आठ-पंधरा दिवस तो सगळ्या बाजूंनी खेळून बघायचा आणि मग लोक विचारायला यायचे, "यंदा नवीन काय घ्याव गा, लहानूभाऊ?" हा गडी खेळ पाहून नाही, माणूस पाहून सांगायचा. "तुमच्या घरी तीन भाऊ आन् एकच विहीर. व्यापार नका नेऊ, कोर्टात जासान. कॅरम न्या." एका बाईला म्हणाला, "तुमची सासू हरली का जेवत नाही, तिले झब्बू काहून शिकवता?" तोंडाचा फटकळ, पण सल्ला चुकत नसे. लहानू चुकला तो एकदाच, आणि तेही स्वतःच्या खेळाच्या बाबतीत.

नागपुराची सापशिडी काढायची, हे खूळ त्याचंच. शंभर घरं आणि घराघरात शहरातली ठिकाणं. घरी एका मोठ्या कागदावर त्यानं ती रंगवली. बासष्टवर दारूभट्टी आणि तिथून साप खाली चारवर, तुरुंगात. सातवर पागलखाना आणि तिथून शिडी वर, थेट एकोणसत्तरवर, चिंचपुरा मोहल्ल्यात. सुभद्रानं विचारलं, "पागलखान्यातून कोणी शिडी चढते काय?"

"एक जण चढन," लहानू म्हणाला, आणि ब्रश धुवायला उठला.

तो एक जण म्हणजे चंद्रभान. चिंचपुऱ्याच्या आखाड्यात लहानूच्या जातीच्या पोरांना मातीत पाय ठेवू देत नसत, तेव्हा चंद्रभाननं त्याला दंड धरून आत आणलं होतं. "याले कोण हात लावते ते पाहू," असं म्हणून त्यानं आखाड्याच्या ओट्यावर कोळशानं चौसष्ट घरं आखली आणि त्याला बुद्धिबळ शिकवलं. लहानूच्या आयुष्यातला तो पहिला खेळ. पुढं चंद्रभानचं डोकं फिरलं. सत्तावन्न साली धाकट्या भावानं, देवरावनं, त्याला हातपाय बांधून बैलगाडीतून पागलखान्यात नेऊन टाकलं. विचारलं की देवराव म्हणायचा, "सुधारून राहिला. येत्या दसऱ्याले येते." अकरा दसरे झाले होते.

हा देवराव पहिलवान म्हणजे चिंचपुऱ्याचा दादा. त्याच्या हाताखाली मोडलेल्या बरगड्यांची गणती त्यालाही नव्हती. मोहल्ल्यात कुत्रंही त्याला विचारून भुंकायचं म्हणतात.

आता चूक कशी झाली ते ऐका. दगडावर लहानूनं चौकटी उलट्या आखल्या, आकडे उलटे, नावं उलटी. हात आपोआप चालत होता. साप आणि शिड्या शेवटच्या दिवशी उरल्या. ताराचंदजी डोक्यावर उभे होते, "जल्दी करो भाई, दिवाली निकल जाएगी." घरचा कागद समोर ठेवून लहानूनं भराभर साप काढले, कागदावर दिसत होते तसेच. उलटवायचे राहिले. उलटं अक्षर चुकलं तर लगेच डोळ्यात खुपतं. साप कुठूनही पाहा, सापच दिसतो.

छापून आलं तेव्हा नावं जागच्या जागी आणि साप-शिड्या डावीकडच्या उजवीकडे. भट्टीवरचा साप सरकून चिंचपुऱ्यावर आला आणि त्याची शेपटी पागलखान्यात गेली. चिंचपुऱ्याची शिडी सरकली ती तुरुंगातून निघून दारूभट्टीवर टेकली. लहानू तेव्हा तापानं घरी पडला होता. तो उठेपर्यंत खेळ घराघरात पोचला होता, आणि यंदा नवीन काय, तर हेच, असं सगळ्या शहराचं ठरलं होतं.

तुरुंगातून सुटला तो भट्टीवर चढला, यावर लोक पोट धरून हसले. चिंचपुऱ्याच्या सापावर मात्र ते त्याहून हसले, कारण देवरावचा भाऊ कुठं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं? मिलच्या फाटकाशी देवराव दिसला की गर्दीतून कोणी ओरडायचं, "एकोणसत्तर!" दुसरीकडून उत्तर यायचं, "सीधा सात!"

पहिल्या दिवशी देवराव ऐकून घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं ओरडणाऱ्या एका कांडीवाल्या मिल कामगाराला गचांडी धरून भिंतीवर आपटलं. त्याला सोडवायला दोघे आले तर त्यांचीही डोकी फोडली. तिसऱ्या दिवशी एका पानठेल्यावर चार जण तोच खेळ मांडून बसलेले दिसले. देवरावनं दिव्यातलं घासलेट पाटावर ओतलं आणि काडी लावली. ठेला जळत असताना तो समोर हात बांधून उभा होता, आणि विझवायला पुढं जाण्याची कोणाची छाती झाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो दोन गडी घेऊन छापखान्यात शिरला. लहानू ताप उतरून त्याच दिवशी कामावर आला होता आणि छापलेला कागद हातात धरून, चूक कळून, पांढराफटक पडला होता.

"लहान्या, चिंचपुऱ्यावर साप कोणी काढला बे?"

"मी काढला. पण उलटा झाला, भाऊ. दगडावर..."

पहिली थप्पड तिथंच बसली. लहानू शाईच्या डब्यावर पडला. ताराचंदजी कागदाच्या गठ्ठ्यांमागं गेले ते शेवटपर्यंत बाहेर आले नाहीत. लाथा पोटात, पाठीत, तोंडावर बसल्या. दोन दात शाईत पडले.

"घरी कागद हाय," लहानू रक्त थुंकत म्हणाला. "तो पाह. मंग मार मले. चंद्रभानभाऊसाठी मी..."

त्या नावानं घात केला. देवरावच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "त्याचं नाव घेतं? तू?" त्यानं लहानूचा उजवा हात धरला, छापाच्या दगडावर उताणा ठेवला आणि गड्यांना म्हणाला, "धरा." मग यंत्राचा दांडा स्वतः फिरवला. दगड सरकला, वरचा लोखंडी दाब हातावर आला आणि बोटं एकामागून एक मोडली. बाहेर रस्त्यावर लोकांनी ती किंकाळी ऐकली आणि दुकानांच्या फळ्या लावून घेतल्या. लहानूचं घर अर्ध्या तासाच्या वाटेवर होतं. तेवढा अर्धा तास देवराव थांबला असता तर ही गोष्टच घडली नसती.

लहानूला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हात खांद्यापर्यंत बांधलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, लेखणी विसरा. सुभद्रानं ते ऐकलं, कपाटावरची कागदाची सुरळी घेतली आणि एकटीच चिंचपुऱ्यात गेली. भर आखाड्यात, पहिलवान दंड घासत बसले असताना, तिनं तो कागद देवरावच्या तोंडावर फेकला.

"मोज," ती म्हणाली.

"काय वं?"

"हा घरचा कागद. माह्या नवऱ्यानं आधी हाच काढला. दगडावर उलटा पडला, तं शहर हासलं. सातवर बोट ठेव आन् शिडी कुठं जाते ते मोज. का तेही दुसऱ्याचा हात मोडून मोजतं?"

देवरावनं बोट ठेवलं. पागलखाना. बोट शिडीवरून वर सरकत गेलं आणि एकोणसत्तरवर थांबलं. त्यानं पुन्हा खालून मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग तो कागद घेऊन तो उठला आणि सुभद्राच्या मागं मागं, भर बाजारातून, लहानूच्या घरी आला.

ओसरीत पाटा-वरवंटा होता. देवराव खाली बसला, पाट्यावर आपला उजवा हात ठेवला आणि म्हणाला, "घे तो वरवंटा. मार."

लहानू संत नव्हता. त्याला मारायचं होतं. त्यानं डाव्या हातानं वरवंटा उचललाही. "चंद्रभानभाऊले घरी आण," तो म्हणाला. "आजच आण. तं तुहा हात तुह्यापाशी ठेव."

देवरावनं मान वर केली नाही. "कोणाले आणू? पासष्टच्या पावसाळ्यात मेला तो. तार आली होती. मी गेलो नाही. त्याईनंच तिकडं जाळला." त्यानं हात पाट्यावर आणखी पुढं सरकवला. "कोणालेच सांगतलं नाही मी. तुहा साप पाहून मले वाटलं, तुले ठाऊक झालं. तू सगळ्या गावाले सांगून राहिला."

लहानूनं वरवंटा खाली आणला. डाव्या हाताचा नेम तो किती, पण देवरावचा अंगठा फुटला. देवरावनं हात मागं घेतला नाही. लहानूनं आणखी एकदा मारला आणि मग वरवंटा टाकून तो चंद्रभानसाठी मोठमोठ्यानं रडायला लागला, तीन वर्षं उशिरा. सुभद्रानं एक जुनं लुगडं फाडलं आणि देवरावचा हात बांधला. बांधताना ती त्याला शिव्या देत होती.

लहानूनं पुन्हा दगडावर लिहिलं नाही. ताराचंदजींनी त्याला दारात बसायचं काम दिलं. नवा खेळ आला की लोक पूर्वीसारखेच विचारायला यायचे आणि तो माणूस पाहूनच सांगायचा. कोणी सापशिडी मागितली तर मात्र म्हणायचा, "ते दुसरीकडं विचारा."

त्यानंतर दर दसऱ्याला देवराव त्याच्या ओसरीवर यायचा. सोनं द्यायचा, पाण्याचा एक लोटा घ्यायचा आणि सुभद्रा तो घरचा कागद अंथरायची. दोघं एक डाव खेळायचे, लहानू डाव्या हातानं. सोंगटी कोणाचीही असो, सातवर आली की देवराव ती आपल्या वाकड्या अंगठ्यानं उचलायचा आणि एकोणसत्तरवर नेऊन ठेवायचा.