व्हॉल्व्हचा पेंढ्याचा कोट

माझी नणंद त्सुनेयो आमच्या गावच्या पाइपलाइनची राखणदार. खालच्या पंपापासून वरच्या वाडीपर्यंत जिथे जिथे पाइप चढून पुन्हा उतरतो, तिथे एक एअर व्हॉल्व्ह बसवलाय. आतली हवा तो बाहेर सोडतो, नाहीतर ती उंचवट्यावर ठाण मांडून बसते आणि पाणी अडतं. थंडीत तो फुटू नये म्हणून त्सुनेयो त्याला पेंढ्याचा कोट घालते. थंडीत गावातल्या झाडांनाही असा कोट असतो, आणि तो मार्चमध्ये, जपानी पंचांगातल्या किडे जागे होण्याच्या दिवशीच उतरवायचा. झाडांचाही तेव्हाच, व्हॉल्व्हचाही तेव्हाच. तिच्या गाठी इतक्या देखण्या, की लोक फोटो काढतात आणि बाई अभिमानाने फुगते.

त्या फेब्रुवारीत दुरुस्त केलेला पाइप पुन्हा पाण्याने भरायचा होता. दरड कोसळल्यापासून वरच्या वाडीचे नळ कोरडे होते. तिथली ओकिमी सोयाबीनचा तोफू बनवते. ती त्सुनेयोची शाळेपासूनची मैत्रीण. पाण्यावाचून कसला तोफू? तिचा मुलगा तिला नागोयाला न्यायला ट्रक घेऊन आला होता. कपाट चढलंसुद्धा होतं.

"आज पाणी आलं तर राहीन," ओकिमी म्हणाली.

"आलं तर? येणारच! नाही आलं तर तुझं बोचकं मी स्वतः बांधीन!" त्सुनेयो गरजली.

सगळी वाडी ओकिमीच्या नळाभोवती गोळा झाली. खाली पंप सुरू झाला. नळ मात्र ढिम्म.

त्सुनेयोने पंपावरच्या कानेशिगेला फोन लावला. "अरे, झोपलास का? पाणी सोड की!"

"मावशी, काटा लालवर गेलाय! आणखी दाब दिला तर पाइप फाटेल. खिंडीतला व्हॉल्व्ह बघा आधी. काल बघतो म्हटलं तर तुम्ही पेंढ्याला हात लावू दिला नाहीत."

"माझ्या पेंढ्याला नावं ठेवू नकोस!"

पण तिचा चेहरा उतरला होता. कोयता उचलून ती धावत सुटली आणि मी तिच्या मागे. खिंडीत पाइप थडथड हादरत होता. व्हॉल्व्ह आपला कोट घालून ऐटीत बसलेला.

"अगं, याच्या खालचा कॉक, हवेची चावी!" ती ओरडली. "दरडीने पाइप रिकामा झाला तेव्हा मीच बंद केला. मीच! आणि वरून कोट चढवला."

"मग बघतेस काय? काप!"

"अजून किडे जागे झाले नाहीत गं..."

"ओकिमी गेल्यावर तुझे किडे तोफू करणार आहेत का?"

तिने कोयता घातला. इतक्या सुंदर गाठी, माझंही काळीज हललं. मग तिने कॉक हळूहळू फिरवला. आणि काय सांगू, अशी हवा सुटली! पेंढा आमच्या डोक्यांवरून उडाला आणि सगळी खिंड शिट्टीने भरून गेली. "ओरड, बाळा, ओरड!" म्हणत त्सुनेयो नाचत होती, मीही नाचत होते. शेवटी व्हॉल्व्ह पाण्याची एक पिचकारी मारून आपोआप गप्प झाला.

आम्ही धापा टाकत वाडीत पोचलो तेव्हा ओकिमीचा नळ खोकत होता. आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ धार. एकच कल्ला झाला. म्हातारे टाळ्या पिटत होते.

"आई, कपाटाचं काय करायचं?" मुलाने विचारलं.

ओकिमीने ट्रकमधून सोयाबीनचं पोतं ओढून काढलं, बादलीत ओतलं आणि बादली नळाखाली ठेवली.

"उद्या सकाळी तोफू न्यायला ये," ती त्सुनेयोला म्हणाली. "आणि येताना केसांतला पेंढा काढून ये."