खेळणी कोणाची

मला एक मुलगा आहे, हे अख्ख्या भाईंदरमध्ये फक्त एका माणसाला माहीत होतं. तो म्हणजे स्टेशनजवळच्या गल्लीतला खेळण्यांचा दुकानदार, आणि त्याला ते मीच सांगितलं होतं.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी मीरा रोडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंगचं काम करायचे. साहेबांनी परदेशातून मुलासाठी प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा एक डबा आणला होता. मुलाने त्याला हातही लावला नाही, म्हणून तो ऑफिसात येऊन धूळ खात पडला. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी दोन ठोकळे सहज एकमेकांवर दाबले. टक् असा आवाज झाला आणि ते घट्ट बसले. मग तिसरा, चौथा. रोज कागदावर भिंती काढत होते, पण भिंत उभी मी पहिल्यांदाच केली. साहेबांकडून डबा मागून घेतला आणि घरी आणला. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते.

एका डब्याने काय होतंय? महिन्याभरात मी त्या गल्लीतल्या दुकानात जाऊन उभी राहिले. बाहेर बॅटी आणि बाहुल्या टांगलेल्या, आत वरच्या फळीवर ठोकळ्यांचे दोन-तीन मोठे खोके. दुकानदार गुजराती, पन्नाशीचा, बोलायला गोड. खोका खाली काढत त्याने विचारलं, "कितने साल का है बाबा?"

खोक्यावर सात ते बारा वर्षं असं छापलं होतं. "सात का," मी म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती. मूल व्हावं म्हणून डॉक्टर झाले, औषधं झाली, कोणीकोणी सांगितलेले उपास झाले. शेवटी एका संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून ठरवलं की आता पुरे. त्याचं दुःख होतं, नव्हतं असं कशाला म्हणू? पण ठोकळ्यांचा त्या दुःखाशी काडीचाही संबंध नव्हता. मला मूल असतं तरी मी त्याच्या हातातून ते काढून घेतले असते. लोकांना मात्र असले संबंध जोडायची भारी हौस. पुरुषाने काड्यापेट्यांची चित्रं जमवली तर तो छंद, आणि मूल नसलेल्या बाईने ठोकळे जमवले की लगेच माना वाकड्या करून "बिचारी!" हा शब्द मला ऐकायचा नव्हता. त्यापेक्षा एक मुलगा सांगून टाकलेला बरा.

पण एकदा सांगितलेल्या मुलाला वाढवावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वर्षी दुकानदार म्हणाला, "अब तो आठ का हो गया होगा." हो, झाला. मग नऊ. त्याला चित्रकला आवडते, गणित जरा कच्चं आहे, हेही मी बोलून गेले. दुकानदार नवीन खोका आला की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा, "बाबा के लिए रखा है, बेन." घरी खोका उघडताना नवरा विचारायचा, "काय, पास झाला का आपला?" आम्ही हसायचो. एखाद्या वेळी हसू मध्येच थांबायचं आणि मग दोघंही खोक्यातलं बांधणीचं पुस्तक फार लक्ष देऊन वाचायला लागायचो.

मुलगा दहा वर्षांचा असताना सासरे गेले आणि सासूबाई रत्नागिरीकडचं घर बंद करून जेसल पार्कला आमच्याकडे राहायला आल्या. त्या येणार म्हणून मी सगळे ठोकळे पोटमाळ्यावर टाकले होते. चौथ्याच दिवशी त्यांनी साफसफाई काढली.

"हे काय गो?"

"ठोकळे आहेत, आई."

"कोणाचे?"

"माझे."

त्यांनी दोन ठोकळे घेऊन एकमेकांत बसवले, ते निघेनात तेव्हा दातांनी सोडवले. मग स्वयंपाकघरातून सूप आणलं, अर्धा डबा त्यात ओतला आणि तांदूळ निवडावेत तसे ठोकळे निवडायला बसल्या. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत लाल, पिवळे, निळे, पांढरे असे वेगवेगळे भरून तयार.

मी भडकले. ज्याने हा नाद केलाय त्यालाच कळेल. ठोकळे रंगाप्रमाणे नाही, आकाराप्रमाणे लावायचे असतात. काळ्यांच्या ढिगात बारीकसा काळा तुकडा शोधायचा म्हणजे डोळे फुटायची पाळी. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरण्या कशा दिसतील? गबाळ्या!" हे भांडण दोन-तीन महिने चाललं. मी सकाळी आकाराप्रमाणे लावून जायचे आणि संध्याकाळपर्यंत त्या रंगावर आणून ठेवायच्या. शेवटी मीच हरले आणि शोधून द्यायचं काम त्यांच्याकडे गेलं. चष्मा सावरत त्या बरोबर तुकडा काढून द्यायच्या, वर ऐकवायच्या, "दिसत नाय तुला? हा काय समोर हाय!"

बांधण्यातही त्यांची मतं असायची. दोन मजली, लाल छपराचं एक सुरेख घर मी पुस्तकात बघून तीन रविवार खपून बांधलं. सासूबाईंनी छप्पर उचलून आत पाहिलं. "एवढं मोठं घर आणि मोरी नाय?" पुस्तकात नाही, मी म्हटलं. "पुस्तकवाल्याने अंघोळ केली नसेल." त्यांचा हट्ट म्हणून मी एक खोली मोडली आणि तिथे मोरी बांधली. ते घर हॉलमधल्या शोकेसमध्ये दर्शनी जागी बसलं. हळूहळू तिथे आगीचा बंब आला, दीपगृह आलं, पवनचक्की आली. आता कोणीही घरात आलं की पहिली नजर तिकडेच जायची. मी त्या वेळी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळायचे. बाहेर सासूबाई काय सांगतात ते ऐकायला मी कधी थांबले नाही.

मग तो चष्म्याचा दिवस आला. सासूबाईंचा नंबर बदलला होता, म्हणून तयार झालेला नवा चष्मा घ्यायला मी त्यांना स्टेशनजवळ चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. काम झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं ते दुकान इथेच कुठे हाय ना? चल."

"आज बंद असेल."

"बघू तर."

दुकान उघडं होतं. आम्ही पायरी चढतोय तोच दुकानदाराने हाक मारली, "आओ बेन, आओ! बाबा कैसा है? अब तो सातवी में होगा!" मग सासूबाईंना नमस्कार करत म्हणाला, "दादी हो ना? पोता बहुत होशियार है आपका."

या बाईने नातवासाठी किती देव पाण्यात ठेवले होते ते मला माहीत होतं. आणि जो नातू मी तिला देऊ शकले नाही, तो परस्पर एका दुकानदाराला देऊन बसले होते. वर त्याला वाढवत होते, त्याच्या परीक्षा घेत होते. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. नवा चष्मा होता, सगळं स्वच्छ दिसत असणार.

"अच्छा हाय," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "लय उंच झाला."

मग त्यांनी फळीवरचा एक खोका बोटाने दाखवला, मी तो घेतला आणि आम्ही रिक्षात बसलो. घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "कधीपासून हाय हा?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले, अगदी नाक गळेपर्यंत. तुमच्या जिवाला लागेल याचा विचारच केला नाही, मला फक्त कोणी बिचारी म्हणायला नको होतं, असं काहीतरी बोलत राहिले.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "लागलं तर खरंच. पण मी तरी कुठे खरं बोलते? खालच्या बायका येतात, विचारतात, खेळणी कोणाची. मी सांगते, माझी. म्हातारपणी येड लागलंय मला, लेक आणि सून कौतुकाने आणून देतात. तुझी म्हटलं असतं तर तुझ्या मुलाबाळाचं काढलं असतं त्यांनी. तुला येता-जाता कीव केलेली चालायची नाय. त्यापेक्षा मी येडी बरी."

तीन वर्षं ही बाई माझ्यासाठी वेडी म्हणवून घेत होती आणि मी बरण्यांवरून तिच्याशी भांडत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिच्यावर इतकं प्रेमही कधी आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी दुकानात जाऊन सांगून टाकलं, "मुलगा नाही. हे सगळं माझ्यासाठी असतं." दुकानदार गोंधळला. थोडा वेळ मान खाजवली आणि म्हणाला, "अच्छा है बेन, टेन्शन कम होता है." एवढंच. ज्याला मी इतकी वर्षं घाबरले, ते एका वाक्यात संपलं.

मला जोर चढला. त्याच संध्याकाळी खाली बाकावर बायका बसल्या होत्या, सासूबाईही होत्या. मी जाऊन म्हटलं, "आमच्या शोकेसमधली खेळणी आईंची नाहीत हं. माझी आहेत. मीच बांधते." मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवत म्हणाल्या, "किती गुणाची गं तू! सासूचं वेड स्वतःवर घेतेस. हल्लीच्या सुना असं करतात का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, तसतशी त्यांची खात्री वाढत गेली. सासूबाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होत्या, खांदे हलत होते.

त्यानंतर त्या चार वर्षं होत्या. शेवटी शेवटी हात थरथरायचा, पण त्या ठोकळे निवडायच्या. गेल्या तेव्हा बायका भेटायला आल्या. शोकेसकडे बघून वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "फार नाद होता हो म्हातारीला या खेळण्यांचा."

"हो," मी म्हटलं. "तिचीच आहेत सगळी."