बसल्या जागेवरून शीड आखडताना

अनंतराव म्हसकर यांची आणि माझी पहिली भेट डोंबिवलीच्या मोठागावात, खाडीच्या काठावर झाली. ठाण्याच्या कॉलेजातले तास संपवून, तिथे कोणी गृहस्थ शिडाची होडी शिकवतात एवढ्या ऐकीव माहितीवर मी पोहोचले होते. अनंतराव होडीत उकिडवे बसून एक गाठ सोडवत होते. मी नमस्कार केला. त्यांनी वर न पाहता दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "ओढून बघा. जड जातंय ना? वाटलंच मला." माझं नाव त्यांनी निघताना विचारलं.

त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात कोणीतरी त्यांच्या समाधानी वृत्तीविषयी लिहील, अशी मला धास्ती आहे. म्हणून आधीच सांगून टाकते: अनंतराव समाधानी नाहीत. मानपाड्याला त्यांचा मोजमापाची उपकरणं दुरुस्त करण्याचा कारखाना होता. तो मुलीच्या हाती सोपवून त्यांनी ही छोटी होडी घेतली, आणि तेव्हापासून तिच्यातली एकही दोरी फार काळ एका जागी राहिलेली नाही. जेवताना मध्येच उठतात, एखादी कप्पी उलटसुलट करून बघतात आणि पुन्हा पानावर येऊन बसतात. त्यांच्या सहवासात मलाही स्वस्थ बसवेनासं झालं आहे. हे लिहितानाही मी सारखी उठते आहे.

वारा वाढला की शीड लहान करावं लागतं. ते थोडं उतरवायचं आणि त्याचा खालचा भाग आडव्या काठीवर आवळून घ्यायचा. आम्ही याला शीड आखडणं म्हणतो. अनंतरावांच्या होडीत त्यासाठी सुकाणू सोडून पुढे डोलकाठीपाशी उभं राहावं लागे. गेल्या वर्षी त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या पत्नी नलिनीताई यांनी अट घातली. "बसल्या जागेवरून शीड आखडता येत असेल तर जा. एकदा जरी पुढे गेलात, तर होडी विकायची." साक्षीदार म्हणून त्यांनी मला नेमलं. "तू खरं सांगशील," असं वर म्हणाल्या. मला ते काम अजिबात नको होतं.

अनंतराव कामाला लागले. शीड चढवण्या-उतरवण्याची दोरी सुकाणूपाशी आणली. मग आणखी एक दोरी घेऊन ती शिडाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कोपऱ्यांतून, कप्प्यांवरून फिरवत मागे आणली. ती एक ओढली की दोन्ही कोपरे एकदम खाली येणार. आमच्या होडीवाल्या मंडळींचा रिवाज असा, की कुठलाही बदल पाण्यात नेण्याआधी जमिनीवर करून बघायचा. होडी टेम्पोत घालून मानपाड्याला नेली, कारखान्याच्या आवारात डोलकाठी उभी केली. दोरी अलगद सरकली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. चहूबाजूंनी शेड असलेल्या त्या आवारात वाऱ्याची झुळूकही नव्हती, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

ते खाडीत कळलं. दुपारी वारा एकदम चढला. अनंतरावांनी शीड सैल केलं, दोरी ओढली. मागचा कोपरा खाली आला, पुढचा अर्ध्यावर अडकला. शीड वाऱ्याने ताणलेलं, दोरी प्रत्येक कप्पीत घासून आवळत चाललेली. होडी कलली. डोलकाठी हाताच्या अंतरावर होती. ते अर्धवट उठले. मी फक्त "काका" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, आणि खाली बसले. होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवून त्यांनी शीड पूर्ण खाली घेतलं. मी वल्ही मारत होडी परत आणली. आता होडी विकली जाणार असंच मला वाटत होतं, आणि रडू येत होतं.

काठावर नलिनीताई उभ्या होत्या. "उठले?"

"उठत होते, काकू. पुढे गेले नाहीत. बसले."

"मग दुरुस्त करा ते," त्या अनंतरावांना म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

अनंतरावांनी ती दोरी काढून टाकली. पुढच्या कोपऱ्याला एक आणि मागच्याला एक, अशा दोन वेगळ्या दोऱ्या आणल्या, निम्म्या कप्प्या काढल्या. शीड नेमकं कुठवर उतरवायचं ते हाताला कळावं म्हणून नलिनीताईंनी शीड उतरवायच्या दोरीवर लाल लोकरीचे टाके घातले. नव्या दोऱ्या माझ्या लहान मुठीत बरोबर बसतील एवढ्या जाडीच्या होत्या. ओढताना माझं मलाच कळलं. या वेळची चाचणी भर वाऱ्यात, खाडीच्या काठावर झाली.

मग नलिनीताई स्वतः होडीत बसल्या. वारा वाढला. लोकर हाताला लागेपर्यंत शीड उतरलं, पुढचा कोपरा आला, मागचा आला, होडी सरळ झाली. नलिनीताई सारा वेळ अनंतरावांच्या गुडघ्यांकडे पाहत होत्या.

"झालं?"

"झालं. फक्त ती मागची कप्पी जरा..."

"बसा," नलिनीताई म्हणाल्या. हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

सत्कार समितीला माझी एक विनंती आहे. शाल घ्यायला अनंतरावांना उभं करू नका. एकदा उठले की ते मांडवाच्या दोऱ्या तपासायला निघतील. शाल त्यांना बसल्या जागीच पांघरा, उभे आपण राहू. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, खांदा धड राहो, आणि होडीतली ती सुकाणूजवळची जागा पुढची पुष्कळ वर्षं रिकामी न राहो.