मयतीवरून आल्यासारखं

मी सेफ्टी ऑफिसर आहे आणि माझा आवाज मोठा आहे. देवळाली कॅम्पात तोफांच्या सरावाशेजारी वाढलेल्या मुलीला हळू बोलायची सवय लागत नाही. तरी अंबडच्या त्या शेडमध्ये तीन दिवसांत माझा घसा बसला आणि उपयोग शून्य झाला.

तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. धंदा बंद पडला, धूळ राहिली. ती साफ करायचं काम आमच्याकडे होतं. शिशाची धूळ दिसते साधी, पण कपड्यांवरून घरी जाते आणि घरातल्या सगळ्यात लहान पोटाला आधी बाधते. म्हणून शेडच्या तोंडाशी प्लास्टिकच्या तीन खोल्या उभारल्या होत्या. पहिलीत सूट उतरवायचा, मधलीत शॉवर, तिसरीत घरचे कपडे. फावडी आणि ड्रिल मशीनसुद्धा धुऊन-पुसूनच बाहेर. हे सगळं मी फळ्यावर तीन रंगांत काढून दाखवलं. कामगारांच्या माना डोलल्या. आणि संध्याकाळी सगळेजण आधी मास्क काढून, त्याच हातमोज्यांनी तंबाखू मळायला बसले.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी नांदगावकडचा एक कामगार उठून उभा राहिला. टोळीतला सगळ्यात शहाणा. "म्याडम, तुमी उगं तरास करून घेता. मयतीवरून आल्यावर करतो तसंच हाय ना हे? कुनाला शिवायचं नाय, कापडं भाईर, आंघोळ, मंग घरात."

माझं शिक्षण, माझा फळा आणि तीन रंगांचे खडू एका वाक्यात निकालात निघाले. त्या दिवसापासून कोणी कोणाला शिवेना. शिफ्ट संपली का विचारायचं तर "मयत झाली का?" असं विचारू लागले. गडबड एकदाच झाली. पाचव्या दिवशी बघते तर पहिल्या खोलीत कडुलिंबाची डहाळी टांगलेली आणि सहाजण मास्क कपाळावर सरकवून पाला चावताहेत. मयतीवरून आल्यावर चावतातच. मी किंचाळले, डहाळी तिसऱ्या खोलीत गेली, विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

दोनेक आठवड्यांनी दुपारी गेटवर एक बाई आली. कडेवर तीन महिन्यांची मुलगी, चेहऱ्यावर संताप. आमच्या त्या शहाण्या कामगाराची बायको.

"तुमीच का त्या म्याडम? काय सांगितलं तुमी यांना? येवल्याहून, माहेराहून येऊन आठ दिवस झाले, पोरीला हातात घेत नाय हा मानूस. घ्या म्हटलं की म्हनतो, मी मयतीवरून आलोय. रोज कोन मरतंय वो तुमच्याकडं?"

मला हसू आवरेना. मग त्याच्याकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीची आंघोळ करून तो नुकताच बाहेर आला होता. केस ओले, हात पाठीमागे, आणि बायकोपासून दहा पावलं लांब.

"हितं आंघोळ करतो, घरी परत करतो," तो खाली बघत म्हणाला. "पर तुमीच म्हनला व्हता, धूळ ल्हान पोटात जाती. ती तर दिसत बी नाय. गेली का ऱ्हायली, मला कसं कळावं?"

माझं हसू गेलं. खरंच लाज वाटली. घाबरायचं कधी ते मी घसा फोडून शिकवलं होतं, घाबरायचं थांबायचं कधी ते सांगितलंच नव्हतं.

तपासणीची पेटी आणली. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडक्यावर दोन थेंब टाकायचे. शिसं असेल तर फडकं लाल होतं. त्याचे तळवे पुसले, पांढरं. नखं, पांढरं. कानामागचंही त्यानं हट्टानं पुसायला लावलं, तेही पांढरं.

"बघा!" बायको म्हणाली आणि जिंकल्याच्या थाटात एक फडकं उचलून तिनं लेकीचा गाल पुसला. डोळ्यातलं काजळ तिथवर पसरलं होतं. मी थेंब टाकले. फडकं लालभडक झालं.

काजळ जत्रेतल्या डबीचं होतं. असल्या काजळात कधी कधी शिसं असतं, हे मी चाचरत सांगितलं. तेव्हा तो माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "म्याडम, तुमी कुठून घेता?"

मी पापणी पुसली. लाल. सगळी टोळी पोट धरून हसली, आणि हसायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

पोरीचं तोंड ताबडतोब धुवायला हवं होतं. बायको नळाकडे वळली, तसा तो पहिल्यांदाच पुढे आला. "थांब. तुझ्या बोटांना काजळ हाय."

मीही हात पुढे केले होते, ते मागे घेतले. बायकोनं मुकाट्यानं पोर त्याच्याकडे दिली.

नवख्या हातात गेल्यावर तिनं भोकाड पसरलं. त्यानं तिला छातीशी धरलं आणि ओल्या रुमालानं हळूहळू गाल पुसत म्हणाला, "रडती कशाला बाय? कुनी मेलेलं नाय."